टायरमध्ये हवा नेमकी किती भरायची?

एकाच गाडीच्या हवेबद्दल चार वेगवेगळे आकडे सहज ऐकायला मिळतात. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवरच्या स्टिकरवर ३३ छापलेलं असतं. टायरच्या अंगावर बारीक उठावाच्या अक्षरांत ५१ दिसतं. हवा भरणारा पाइप हातात घेऊन विचारतो, "पस्तीस मारू ना?" आणि ओळखीत एखादा जाणकार असतोच, जो सांगतो की अठ्ठावीसच ठेव, खड्डे लागत नाहीत. मग सगळ्यांचं ऐकून आपण मधला कुठला तरी आकडा धरतो आणि विषय सोडून देतो.

यांतला दारावरचा आकडा खरा. पण तो दोन अटींवर खरा आहे. टायर थंड असला पाहिजे आणि गाडीत ठरावीकच वजन असलं पाहिजे. हवेबद्दलचे बहुतेक गोंधळ यांपैकी एखादी अट विसरल्यामुळे होतात.

वजन पेलते ती हवा

रबर आणि त्याच्या आतल्या तारा-धाग्यांचं मुख्य काम हवेला कोंडून धरण्याचं. गाडीचं वजन पेलते ती हवा. माणसं आणि सामान धरून गाडी १,४५० किलोची झाली असं समजा. एका चाकावर सरासरी ३६० किलो आले. स्टिकरवरचे ३३ हे पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला इतके पाउंड; आपल्या मापात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलोचा दाब. भागाकार केला की दीडशेच्या थोडं पुढे चौरस सेंटिमीटर येतात. टायरची भिंतही थोडा भार उचलते, म्हणून हे गणित ढोबळ आहे. पण रस्त्याला टेकलेला भाग साधारण एवढाच असतो, एखाद्या पोस्टकार्डाएवढा. ब्रेक, वळणं, पावसातली पकड, सगळा कारभार अशा चार तुकड्यांवर चालतो.

हवा कमी झाली की तेच वजन पेलायला टायर जास्त बसतो आणि टेकणारा भाग वाढतो. मग पकडही वाढेल असं वाटतं, पण रस्त्यावर तसं होत नाही. भार दोन्ही कडांवर जातो, मधला पट्टा नीट दाबला जात नाही आणि वळणावर गाडी लोळल्यासारखी वाटते. आणि याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ताशी ८० किलोमीटरला मध्यम गाडीचं चाक सेकंदाला अकरा-बारा फेरे घेतं. प्रत्येक फेऱ्यात भिंतीचा खालचा भाग वाकतो आणि सरळ होतो. हवा जितकी कमी तितकं हे वाकणं जास्त, आणि वाकण्यात गेलेली शक्ती उष्णता होऊन रबरातच साठते. रबर तापलं की थरांची एकमेकांवरची पकड सुटू लागते.

उन्हाळ्यात टायर फुटला की "हवा जास्त होती, गरम होऊन फुटला" असं हमखास ऐकू येतं, आणि त्यावर उपाय म्हणून लोक उन्हाळ्यात मुद्दाम दोन-चार पीएसआय कमी ठेवतात. हे अगदी उलटं झालं. धडधाकट टायर उन्हानं वाढलेले चार-सहा पीएसआय सहज सोसतो, त्याची रचनाच ते धरून केलेली असते. त्याला सोसत नाही ते कमी हवा, भरलेली गाडी, जास्त वेग आणि तापलेला रस्ता हे एकत्र येणं.

याचं गाजलेलं प्रकरण अमेरिकेतलं आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोननं सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर या गाडीवर होते. धावताना टायरचा वरचा पट्टा सुटून येत होता आणि गाड्या उलटत होत्या. मृतांचा आकडा दोनशेच्या वर गेला. सरकारी तपासात टायरच्या बांधणीतला दोष पुढे आला, पण दोन कंपन्यांमध्ये वाद रंगला तो हवेवरून. फोर्डनं या गाडीसाठी २६ पीएसआय सांगितले होते, फायरस्टोनचं म्हणणं होतं ३० हवेत. याच प्रकरणातून त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि पुढे नव्या गाड्यांना कमी हवेची सूचना देणारा दिवा सक्तीचा झाला. त्या दिव्याकडे नंतर येऊ.

हवा जास्त झाली तर काय? टेकणारा भाग लहान होतो, टायरचा मधला पट्टा लवकर झिजतो, खड्ड्यातला दणका थेट रिमपर्यंत जातो आणि खडबडीत रस्त्यावर चाक उड्या मारू लागतं. हेही नकोच. पण दोन-तीन पीएसआय जास्त आणि दोन-तीन कमी यांत निवडायची वेळ आली तर मी डोळे मिटून जास्तच निवडीन.

दारावरचा स्टिकर

हा स्टिकर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, काही गाड्यांत इंधनाच्या झाकणाच्या आत असतो. नसेलच तर गाडीच्या पुस्तिकेत तक्ता असतो. तो गाडीच्या कंपनीनं ठरवलेला आहे. म्हणजे त्या गाडीचं वजन, ते पुढे-मागे कसं विभागलंय, सस्पेन्शन कसं आहे आणि कोणत्या मापाचा टायर बसवलाय, हे सगळं धरून तो आकडा काढलेला आहे. टायरच्या अंगावर कोरलेल्या ४४ किंवा ५१ ला यातलं काहीच माहीत नाही. तोच टायर दहा वेगळ्या गाड्यांवर बसू शकतो. तो आकडा एवढंच सांगतो की थंड टायरमध्ये याच्या वर हवा भरू नका. ती मर्यादा आहे, शिफारस नव्हे.

स्टिकर नीट वाचला तर त्यात बहुधा एकाहून जास्त आकडे असतात. पुढच्या आणि मागच्या चाकांचे वेगळे, दोन-तीन माणसं असतानाचे वेगळे, गाडी पूर्ण भरल्यावरचे वेगळे. एखाद्या गाडीवर दोघांसाठी पुढे ३२, मागे ३० असतं आणि पूर्ण भारासाठी पुढे ३३, मागे ३८. पुढचा आकडा जेमतेम एकानं वाढला, मागचा मात्र आठनं. कारण उघड आहे. पुढे इंजिन असलेल्या गाडीत पुढच्या चाकांवरचं वजन रोज जवळजवळ सारखंच असतं. मागच्या सीटवर तिघं बसले आणि डिकी बॅगांनी भरली की तो सगळा बोजा मागच्या चाकांवर येतो. लांबच्या प्रवासाला निघताना चारही चाकांत सरसकट ३३ भरणाऱ्याची मागची चाकं त्या दिवशी पाच पीएसआय कमी हवेवर धावत असतात.

काही स्टिकरवर वेगाप्रमाणेही वेगळी ओळ असते. सलग बराच वेळ मोठ्या वेगानं जायचं असेल तर ती पाळायची.

एककांचा घोळ तेवढा सांभाळा. मशीनवर २.३ दिसलं तर ते बार, २३० दिसलं तर किलोपास्कल, ३३ दिसलं तर पीएसआय. एक बार म्हणजे १४.५ पीएसआय. काही जुन्या गेजवर किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतं. तो एक किलो म्हणजे १४.२ पीएसआय, बारच्या अगदी जवळ.

थंड म्हणजे किती थंड?

गाडी किमान तीन तास उभी असेल, किंवा त्यानंतर एक-दीड किलोमीटरच्या आत चालली असेल, तर टायर थंड समजायचा. उन्हात उभी असेल तर उन्हाकडच्या टायरचा आकडा जास्त दिसतो, म्हणून सकाळची सावलीची वेळ सगळ्यांत सोयीची.

ही अट एवढी महत्त्वाची का, ते गणितानं चटकन कळतं. कोंडलेल्या हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो. मात्र गेज फक्त बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतं, त्यामुळे हिशेब करताना वातावरणाचे १४.७ पीएसआय मिळवावे लागतात. ३३ मध्ये १४.७ मिळवले की ४७.७. तापमान निरपेक्ष मोजायचं, म्हणजे सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवायचे: २० अंशांचे २९३. तापमान दहा अंशांनी वाढलं तर दाब ४७.७ च्या २९३ व्या भागाच्या दसपट वाढणार, म्हणजे साधारण १.६ पीएसआय. लक्षात ठेवायला दहा अंशांना दीड पीएसआय पुरे.

आता भर दुपारी ३५ अंशांत बरोबर ३३ भरून घेतलेली गाडी थंडीच्या दिवसांत पहाटे १० अंशांवर मोजा. आकडा २९ च्या आसपास येईल. पंक्चर नाही, गळती नाही, फक्त थंडी. म्हणूनच हवेच्या दिव्याच्या तक्रारी थंडीच्या पहिल्या आठवड्यात वाढतात आणि दुपार झाली की दिवा आपोआप विझतो.

याहून नुकसान करणारी चूक उलट्या बाजूची आहे. महामार्गावर तासभर चाललेल्या टायरचा ३३ चा आकडा ३८ होणं अगदी साहजिक आहे. थांब्यावर कुणीतरी गेज लावतं, "जास्त आहे" म्हणतं आणि फुस्स करून ३३ वर आणून ठेवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर थंड असताना साडेअठ्ठावीस दाखवेल. वर पुढच्या प्रवासात हवा कमी म्हणून तो आणखी तापेल, परत आकडा जास्त दिसेल, आणि परत कुणीतरी हवा काढेल. तापलेल्या टायरची हवा कधीही काढू नये.

भरायची वेळच गरम टायरवर आली तर? घरापासून पंप लांब असेल तर हे नेहमीचंच आहे. त्यावर सोपा मार्ग असा: निघण्यापूर्वी घरीच स्वतःच्या गेजनं थंड टायर मोजा. समजा डावा पुढचा २९ निघाला, हवेत ३३, म्हणजे चार कमी. पंपावर पोचल्यावर तो ३१ दाखवो की ३२, दाखवतोय त्यात चार वाढवा. आधी मोजलंच नसेल तर स्टिकरच्या आकड्यापेक्षा तीन-चार जास्त भरून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जास्तीची काढून टाका. गरम असतानाही आकडा स्टिकरच्या खाली दिसला, तर मात्र हवा नक्कीच बरीच कमी आहे, तिथेच भरा.

हे सगळं स्वतःच्या गेजशिवाय होत नाही. पंपावरचं यंत्र दिवसभर आपटलं जातं आणि दोन पंपांवरचे आकडे एकमेकांशी क्वचितच जुळतात. स्वतःचं गेज समजा एकानं चुकत असेल तरी ते दर वेळी तेवढंच चुकतं, त्यामुळे महिन्याभरात हवा किती उतरली हे तरी खरं कळतं. गेज व्हॉल्व्हवर सरळ आणि एका दमात दाबायचं. हवा सुटल्याचा आवाज येत राहिला तर तो आकडा धरू नका, पुन्हा मोजा. बाहेरून बघून अंदाज करायच्या भानगडीत पडू नका. रेडियल टायरची भिंत योग्य हवेतही खाली थोडी फुगलेलीच दिसते, आणि २५ चा टायर ३३ च्या शेजारी ठेवला तरी भलेभले फसतात. लाथ मारून तर काहीच कळत नाही.

टायरचं माप बदललं असेल तर

स्टिकरचा आकडा कंपनीनं बसवलेल्या मापासाठी आहे. मोठं रिम आणि बारीक भिंतीचा टायर बसवला की प्रश्न पुन्हा उघडतो, आणि टायर विकणाऱ्यांकडूनही याचं उत्तर फारसं मिळत नाही.

टायरवर १८५/६५ आर१५ ८८एच असं लिहिलेलं असतं. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि १५ हा रिमचा इंचांतला व्यास. शेवटच्या अक्षरानं वेग कळतो, एच म्हणजे २१० किलोमीटरपर्यंत. त्याआधीचा ८८ हा भाराचा निर्देशांक आहे. तो थेट किलो सांगत नाही, तक्त्यात बघावं लागतं: ८४ म्हणजे ५०० किलो, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५, ९५ म्हणजे ६९०. पण हे किलो पूर्ण हवा असतानाचे आहेत. युरोपीय मानकात साध्या टायरसाठी ती पूर्ण हवा २.५ बार, म्हणजे ३६ पीएसआय धरतात. एक्सएल, अर्थात जादा भाराच्या टायरसाठी २.९ बार, म्हणजे ४२.

गोम इथेच आहे. एक्सएल टायर जास्त वजन पेलतो तो जास्त हवा भरल्यावर. ९५ चा एक्सएल टायर २.९ बारला ६९० किलो पेलतो. त्यात अडीच बारच ठेवलेत तर त्याची ताकद साधारण ६१३ किलोवर येते, म्हणजे ९१ च्या साध्या टायरएवढीच.

आता वरच्या १८५/६५ आर१५ ८८ च्या जागी २०५/४५ आर१७ ८८ एक्सएल बसवला असं धरा. व्यास जवळपास तोच, निर्देशांकही ८८ चा ८८, म्हणून मालक निर्धास्त असतो. पण साधा ८८ हा ३३ पीएसआयला सुमारे ५२० किलो पेलत होता. एक्सएल ८८ कडून तेवढेच ५२० किलो पेलवून घ्यायला ३८ पीएसआय लागतात. जुन्या सवयीनं ३३ च भरत राहिलं तर भारी टायर घेऊनही ताकद कमीच पडली, शिवाय बारीक भिंतीमुळे खड्ड्यात रिम वाकायची भीती वेगळीच. निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी असेल तर हवेची आकडेमोड करण्यात अर्थ नाही, तो टायर त्या गाडीसाठी घेऊच नये. उलट निर्देशांक वाढला असेल आणि टायर साधाच असेल, तर स्टिकरचा आकडा तसाच ठेवावा. गणितानं एखादा पीएसआय कमी चालतो असं निघालं तरी.

स्वतःच्या पसंतीला जागा किती?

थोडी आहे, आणि ती फक्त वरच्या बाजूला. स्टिकरचा आकडा जमीन समजावा, त्याच्या खाली उतरू नये, आणि वर दोन-तीन पीएसआयपर्यंत करून बघायला हरकत नाही. कंपनी आकडा ठरवताना आरामाचाही विचार करते, त्यामुळे काही गाड्या दोन पीएसआय जास्त भरल्यावर स्टिअरिंगला जास्त चोख वाटतात. पुढे-मागे मधला फरक मात्र कायम राखा. मागची चाकं पुढच्यांच्या मानानं कमजोर ठेवली तर जोरात वळताना गाडीची शेपटी सुटते, आणि ती सावरणं बहुतेकांच्या हातात नसतं.

आपला आकडा बरोबर आहे का, हे टायर स्वतःच सांगतो, फक्त सावकाश. काही हजार किलोमीटरनंतर खाचांची खोली मधोमध आणि दोन्ही कडांना मोजा. मध्य जास्त झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. एकच कड झिजली असेल तर हवेचा दोष नाही, अलाइनमेंट बघा. हौशी लोक आणखी एक ठोकताळा वापरतात: थंड आकडा घ्या, अर्धा-पाऊण तास नेहमीच्या वेगानं चालवा आणि लगेच पुन्हा मोजा. वाढ चार-पाच पीएसआयची असेल तर ठीक, सात-आठची असेल तर टायर फार वाकतोय, म्हणजे सुरुवातीची हवा त्या वजनाला कमी होती. याला शास्त्र म्हणता येणार नाही, पण डोळे उघडायला पुरतं.

पावसाळ्यात हवा कमी केली तर पकड वाढते, हा आणखी एक हट्टी समज. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागतो तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाबरोबर वाढतो, हे नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर दाखवलं. त्या सूत्रानं ३३ पीएसआयला तो वेग ताशी ९६ किलोमीटर येतो आणि २५ पीएसआयला ८३. गाडीच्या टायरला खाचा असतात, पाण्याची खोलीही बदलते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लावू नका. दिशा मात्र स्पष्ट आहे: कमी हवेचा टायर आधी तरंगतो. हवा कमी करण्यात अर्थ आहे तो वाळूत किंवा चिखलात हळू चालवताना, आणि तिथून बाहेर पडल्यावर लगेच परत भरायची असेल तरच.

इंधनाचं म्हणाल तर अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशेब असा की चारही टायरची सरासरी हवा एक पीएसआयनं उतरली की मायलेज सुमारे ०.२ टक्क्यांनी घटतं. पाच पीएसआयला एक टक्का. फार मोठी बचत नाही, टायरच्या आयुष्यात यापेक्षा जास्त मिळतं.

नायट्रोजनबद्दल थोडक्यात: साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा सावकाश झिरपतो आणि कोरडा असतो, पण तापमानाचा नियम दोघांना एकच. फुकट मिळाला तर घ्या. आणि टायरमध्ये नायट्रोजन आहे म्हणून हवा कमी असूनही साधी हवा भरायचं टाळू नका, दोन्ही मिसळल्यानं काही बिघडत नाही.

दिवा आणि स्टेपनी

हवेचा सूचक दिवा दोन प्रकारचा असतो. एकात प्रत्येक चाकाच्या आत सेन्सर असून तो खरा दाब मोजतो. दुसऱ्यात दाब मोजलाच जात नाही. हवा उतरलेलं चाक किंचित बसतं, त्यामुळे तेवढंच अंतर कापायला जरा जास्त वेगानं फिरतं, आणि ब्रेक लावताना चाकं जाम होऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाचा वेग मोजणारी एबीएसची यंत्रणा तो फरक ओळखते. या दुसऱ्या प्रकारात चारही चाकं सारखीच उतरली तर फरक पकडणं अवघड जातं, आणि हवा भरल्यावर बटण दाबून किंवा मेन्यूतून त्याला नवी सुरुवात करून द्यावी लागते. हवा कमी असताना ती करून दिली तर तो कमी हवेलाच बरोबर समजून बसतो.

शिवाय अमेरिकेतल्या नियमानुसार दिवा लागायची हद्द स्टिकरच्या २५ टक्के खाली आहे. ३३ च्या गाडीत ती २५ च्या खाली येते. म्हणजे २६ वर महिनोन्‌महिने धावणाऱ्या गाडीत दिवा लागेलच असं नाही. धडधाकट टायरसुद्धा महिन्याला एक-दोन पीएसआय सोडतो, म्हणून महिन्यातून एकदा गेज लावायचं. एखादंच चाक बाकीच्यांपेक्षा भराभर उतरत असेल तर त्यात खिळा आहे, रिमची कड गळतेय किंवा व्हॉल्व्हची पिन सैल आहे. व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी सोडा, बुडबुडे आले तर पिन बदलून काम भागतं. व्हॉल्व्हवरचं झाकण हरवलं असेल तर नवं लावा. धूळ आत गेली की पिन नीट बसत नाही.

स्टेपनीची आठवण बहुतेकांना ती लागल्यावरच होते, आणि तोवर तीही बसलेली असते. बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावर लिहिलेला दाब बहुधा ६० पीएसआय असतो. आकडा मोठा वाटला तरी तेवढाच भरायचा, आणि ती लावून ८० च्या वर गाडी न्यायची नाही. पूर्ण मापाची असेल तर तिच्यात स्टिकरवरचा सगळ्यांत मोठा आकडा भरून ठेवा, वरच्या उदाहरणात ३८. ती पुढच्या चाकाला लागली तर गेज लावून जास्तीची हवा रस्त्याच्या कडेलाही काढता येते, भरता मात्र येत नाही.